पडदेवाली आणि कामांचं ॲप

"महाग-स्वस्त नंतर बघू. मला पुलाच्या मधोमध कुणी उभं केलं, ते आधी सांगा."

"उभं केलं म्हणजे काय, बाबा? पाय तुमचेच होते ना?"

"पाय माझे, पण खिशात फोन वाजला! काढून बघतो तर काय? 'थांब. वर बघ.' मला वाटलं, वरून काहीतरी पडतंय."

"मग?"

"मग काय, थांबलो. बघितलं वर."

"काय होतं?"

"काय असणार? आभाळ." तक्रार नोंदवावी तसा त्याने तो शब्द उच्चारला. "मागून एक सायकलवाला धडकता धडकता राहिला. वर मलाच म्हणतो, काका, घरी नाही का आभाळ?"

लेकीला हसू आवरेना. कोपऱ्यातल्या खुर्चीत आजी मोज्याचं भोक रफू करत बसल्या होत्या. सुई न थांबवता त्या म्हणाल्या, "माझ्या फोनवरही आलं होतं हो असंच. बागेच्या फाटकाशी. 'चपला काढून गवतावर चाल.' म्हटलं, नवा नियम निघाला असेल बागेचा. काढल्या."

"आई, तू अनवाणी फिरलीस? या वयात?" त्याने विचारलं.

"गवत गार होतं. बरं वाटलं." एवढं बोलून आजींनी दोरा दातांनी तोडला.

मग तिघांनीही एकदम कापडाच्या मोठ्या टेबलाकडे पाहिलं. टेबलामागे ती उभी होती. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. पडदे शिवणाऱ्या बाईला ही एक सोय असते. तोंडात टाचण्या असेपर्यंत कुणी तिच्याकडून उत्तराची अपेक्षा करत नाही. ती एकेक टाचणी काढून काठाच्या दुमडीत खोचत राहिली, आणि नेहमीपेक्षा जरा सावकाशच.

गल्लीत तिला सगळे पडदेवाली म्हणत. अर्ध्या गल्लीच्या खिडक्यांना तिने शिवलेले पडदे होते, आणि संध्याकाळी दिवे लागले की रस्त्याने येताना तिला ते आतून उजळलेले दिसत. कुठे पिवळट, कुठे पिकल्या फळासारखे, कुठे पाण्याखाली दिवा लावल्यासारखे. ती कुणाच्या घरात डोकावत नसे. कापडातून प्रकाश कसा गाळून येतो तेवढंच बघे, आणि बघता बघता आपलं घर मागे टाकून पुढे निघून जाई. मग लेकीचा फोन येई, "आई, कुठे आहेस?"

हा प्रश्न तिला जन्मभर विचारला गेला होता. लहानपणी ती जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसायची. टेबलावरची चादर चारी बाजूंनी खाली ओढून घेतली की आत निळा उजेड व्हायचा, आणि मोठ्यांचे पाय बाहेर दुसऱ्याच कुठल्यातरी जगातले असल्यासारखे ये-जा करायचे. आई घरभर शोधायची. शाळेत बाई फळ्यावर डस्टर आपटून विचारायच्या, "कुठे आहेस गं?" लग्नानंतर नवऱ्याने पहिल्या आठवड्यातच हाच प्रश्न विचारला, तेव्हा तिला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं.

घर मात्र तिने कधी अडू दिलं नाही. दूध, औषधं, इस्त्रीचे कपडे, पाण्याचं बिल, सगळं ती तंद्रीतच पण बिनचूक करायची. तिची रीतच निराळी होती. खिडकीतलं ऊन कापडाच्या टेबलावर कुठवर आलं, त्यावर तिचा दिवस चाले. उन्हाची पट्टी टेबलाच्या कडेला लागली की आजींची गोळी. पट्टी शिवणयंत्राच्या चाकावर आली की दूध. ढगाळ दिवशी ती कापडाच्या रंगावरून अंदाज घेई. हे तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

सगळं सुरू झालं ते नाट्यगृहातून आलेल्या निरोपामुळे. तिथला मखमलीचा जुना पडदा खालून झिजला होता आणि मधल्या शिवणीत उसवला होता. तो उतरवून घरी आणणं शक्यच नव्हतं. या खोलीत तो घडी करूनही मावला नसता. तिने रोज दुपारी तिथे जाऊन, रंगमंचावर बसून तो दुरुस्त करायचा होता. चांगले दोन-तीन महिने लागले असते.

"जा ना आई," लेक तेव्हाच म्हणाली होती.

"जा की," नवराही म्हणाला होता. "फक्त आधी घराची नीट व्यवस्था लागू दे. मग जा."

लेकीने मग कामांच्या यादीचं ॲप शोधून काढलं. एक फुकट मिळत होतं. त्याच ॲपचा एक पैसे भरून घ्यायचा प्रकार होता, तो थोडे दिवस वापरून बघता येत होता. चौघांच्या फोनवर ते आलं. खातं उघडलं तिच्या नावावर, कारण त्या दिवशी घरात चार्ज झालेला फोन तेवढा एकच होता. वापरून बघायचे दिवस आज संपत होते. नाट्यगृहालाही आज संध्याकाळपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं; नाही म्हटलं तर ते तयार पडदा मागवणार होते, धुता येणारा, चुरगळत नाही असा.

"तो पूल तूच घातलास ना यादीत?" नवऱ्याने विचारलं.

शेवटची टाचणी निघाली होती. आता बोलणं भाग होतं. "हो."

"कशाला?"

"लेकीने सांगितलं होतं, पैशाच्या प्रकारात जागेची आठवण लावता येते म्हणून. दुकानापाशी पोचलं की फोनच सांगतो, बटाटे घे."

"मग बटाटे लिहायचे!"

"बटाटे माझ्या लक्षात राहतात," ती म्हणाली.

खरं म्हणजे ती कल्पना ऐकली तेव्हापासून तिला झोपेतही गंमत वाटत होती. गावातली प्रत्येक जागा आपल्याला काहीतरी सांगेल! दुकानाने बटाटे सांगावेत आणि पुलाने मुकाट बसावं, हे तिला पटेना. पुलाच्या मध्यावर दोन्हीकडची घरं मागे सरतात आणि आभाळ एकदम खाली उतरतं, रोज उतरतं, आणि रोज आपण मान खाली घालून पुढे जातो. म्हणून तिने पुलाला एक वाक्य दिलं. बागेच्या फाटकाला एक दिलं. ग्रंथालयाच्या जिन्याला दिलं, 'कठड्यावरून हात फिरव'. तो कठडा इतक्या हातांनी घासला होता की मांजराच्या पाठीसारखा लागायचा. असं करत तिने सगळं गाव शिवून काढलं. प्रत्येक कामापुढे ॲप आपणहून कुणाचं तरी नाव घालत होतं, ते तिने या कामांपुढून पुसलं. ही कामं कुणाचीच नव्हती. पण बिचाऱ्या ॲपने त्याचा अर्थ घेतला की ती सगळ्यांची आहेत, आणि जो जो तिथून गेला त्याला सांगितलं.

"ग्रंथालयाचा जिना म्हणजे तूच?" लेक म्हणाली. "मला वाटलं, जाहिरात आहे."

"फिरवलास का हात?"

"छे!" लेक म्हणाली, आणि उगाचच तळहात ओढणीला पुसला.

नवऱ्याने टेबलावरचं कापड थोडं बाजूला सारून चौकटीचा कागद पसरला. तो बस डेपोत ड्यूट्या लावायच्या कामावर होता. कुठली बस कुणी न्यायची, कुणाची सुट्टी, कुणाची बदली, हे सगळं तो अशाच कागदावर आखायचा, आणि त्याचा तक्ता चुकला असं डेपोत कुणी ऐकलं नव्हतं. आज त्याने दोन रकाने पाडले होते. एकावर 'फुकट', दुसऱ्यावर 'पैशाचं'.

"शांतपणे ऐका," तो म्हणाला. "फुकटात याद्या थोड्या, पण आपल्याला पुरतात. आठवण वेळेप्रमाणे येते. पूल नाही, जिना नाही. हा फायदाच समजा."

"आणि वाजतं कुणाच्या फोनवर? ते सांगा की," लेक म्हणाली.

"खातं ज्याच्या नावावर, त्याच्या."

"म्हणजे आईच्या. आई नाट्यगृहात, आणि आजीची गोळी वाजणार आईच्या पिशवीत. मग आई तिथून फोन करणार, घ्या हो गोळी. याला व्यवस्था म्हणतात का?"

"म्हणूनच मी दुसरा रकाना पाडलाय. पैशाच्यात प्रत्येक कामापुढे वेगळं नाव घालता येतं. ज्याचं नाव, त्याचा फोन. वर रंग देता येतात."

"रंग कशाला?" आजींनी विचारलं.

"दिसायला."

"काम दिसायला रंग लागत नाही. डोळे लागतात," आजी म्हणाल्या आणि दुसरा मोजा उचलला.

तिचं लक्ष कागदावरून उडालं होतं. नवऱ्याच्या आखलेल्या रेषांवर ऊन आलं होतं, आणि कोपऱ्यावरच्या कापडाची सावली त्यांवर आडवी पडली होती. बोलणं तिच्यापासून दूर गेलं. ती काल दुपारच्या नाट्यगृहात जाऊन पोचली.

काल ती पडदा बघायला गेली होती. प्रेक्षागृहात दिवे नव्हते. खुर्च्यांच्या रांगा झोपलेल्या जनावरांसारख्या अंधारात पसरल्या होत्या. रंगमंचावर तेवढा एक दिवा. पडदे ओढणाऱ्या म्हाताऱ्याने दोर सोडला आणि ते गडद लाल कापड हळूहळू खाली आलं, आवाज न करता, तिच्या पायाशी घोळ घालत. तिने गुडघे टेकून त्यावर हात ठेवला. मखमलीला लव असते. ती एका दिशेने गोंजारली तर कापड उजळतं, उलटी फिरवली तर काळवंडतं. पट्ट्या जोडताना एक जरी पट्टी उलट्या लवेची लागली, तरी दिव्याखाली ती दुसऱ्याच थानातली दिसते. इथे कुणीतरी मागे कधी घाईत दुरुस्ती केली होती. दोन पट्ट्या उलट्या होत्या. तिला त्या बोटांनीच कळल्या.

"बारा गावचं पाणी प्यालेला आहे हा," म्हातारा म्हणाला. "पण फेकवत नाही."

मग तो दोर नीट करायला वर गेला, आणि ती पडद्याच्या दोन घड्यांच्या मधे शिरली. आत काळोख होता, पण मऊ. बाहेरचा आवाज आत येत नव्हता. श्वास घेतला की कापडही किंचित हलायचं, तिच्याबरोबर. टेबलाखालचा निळा उजेड तिला आठवला, आणि वाटलं, की आपण इतकी वर्षं छोट्या छोट्या खिडक्यांना पडदे शिवत इथवर चालत आलो. इथे बसून दुपारच्या दुपार उलट्या पट्ट्या सुलट करायच्या. इथे कुणी 'कुठे आहेस' म्हणून विचारणार नाही, कारण आपण जिथे असायला हवं तिथेच असू.

तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. 'आजीची गोळी.' थोड्या वेळाने पुन्हा. 'आजीची गोळी.' मग 'बाबांचा शर्ट, इस्त्रीवाला.' मग 'गच्चीवरचे कपडे.' पडद्याच्या आत तो आवाज फारच मोठा वाटत होता. ती बाहेर आली तेव्हा व्यवस्थापक उभे होते.

"बाई, तुम्हाला घरी बरीच कामं दिसतायत," ते हसून म्हणाले. "जमेल ना? नाहीतर आम्ही तयार पडदा बघतो. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा म्हणजे झालं."

"आई! कुठे आहेस?"

ती टेबलापाशी परत आली. लेक फोन तिच्या तोंडापुढे धरून उभी होती.

"हे बघ. मी बाबांना दाखवत होते, नावं किती छान घालता येतात ते. पण हे काय आहे?"

फोनवर गेल्या काही दिवसांतली कामं ओळीने दिसत होती. प्रत्येक कामापुढे एक छोटा गोल, त्यात ज्याचं काम त्याचा फोटो. सगळ्या गोलांत एकच फोटो होता. मागच्या वर्षीच्या सहलीतला, वाऱ्याने पदर उडालेला, ती कुठेतरी दुसरीकडेच बघत होती.

"हे पैशाचंच आहे ना?" तिने विचारलं.

"पैशाचंच. म्हणजे अजून तरी."

"यात वेगवेगळी नावं घालता येतात ना?"

"येतात." लेकीचा आवाज खाली आला. "आपण काम लिहायला घेतलं की ते आपणहून नाव सुचवतं. सुरुवातीला दोन-चार कामांना मी तुझं नाव घातलं, मग त्याला तसंच वळण लागलं. आम्ही नुसतं 'ठीक' दाबत गेलो."

"शर्टापुढे कुणी दाबलं?"

नवरा चौकटीच्या कागदावरची एक रेघ पुन्हा गिरवू लागला. "घाईत होतो."

"डेपोत असं करता का हो बाबा?" लेक म्हणाली. "सगळ्या बसा एकाच ड्रायव्हरला?"

"तिथे माणसं येऊन भांडतात," तो म्हणाला. खरं तेच बोलला, आणि बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं.

"गोळीचं मी लिहिलं होतं," आजी म्हणाल्या. "नाव काही मला बदलता आलं नाही. पूर्वी निदान हाक मारावी लागायची. आता तोंडही उघडावं लागत नाही."

ऊन शिवणयंत्राच्या चाकावर आलं होतं. दुधाची वेळ झाली होती, आणि तिच्या फोनने तसं सांगितलंही. कुणी उठलं नाही. तीही उठली नाही. हे तिचं तिलाच नवल वाटलं. आपण उठलो नाही तरी ऊन चाकावरून पुढे सरकतंच, हे ती आज पहिल्यांदाच बसून बघत होती.

मग नवऱ्याने घसा साफ केला. "असं करू. पैशाचंच घेऊ, पण एक महिन्यापुरतं. सगळी नावं मी नव्याने लावतो, डेपोसारखी. महिनाभर बघू कसं चालतंय. मग तू नाट्यगृहाचं ठरव."

"महिन्याचं घेतलं तर महाग पडतं, बाबा. वर्षाचं घ्या."

"वर्षाचं घेतलं आणि पडलं नाही अंगवळणी तर?"

"आणि नाट्यगृहाला आज सांगायचंय. महिनाभर कोण थांबेल?"

"अगं, एखादी विनंती करून बघायची. मखमल काय पळून जातेय?"

"फुकटच्यात माझ्या नावाचं खातं उघडा," आजी म्हणाल्या. "मी घरीच असते. वाजू दे माझ्याकडे."

"आई, तुला ऐकू येतं का नीट?"

"सायकलवाला मागून आला ते तुला तरी कुठे ऐकू आलं?"

भांडण पुन्हा रंगात आलं. आता त्यात राग नव्हता. तिघं मिळून तिच्यासाठीच भांडत होते, फुकट की पैशाचं, महिना की वर्ष, आणि तिला ते सगळे दूरवर, काचेपलीकडे असल्यासारखे दिसत होते. माणसं चांगली होती. आधी व्यवस्था, मग तू, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि व्यवस्था कुठल्याच रकान्यात नव्हती. तिने दोन्ही रकाने पुन्हा एकदा वाचले. डाव्या रकान्यात तिला आठवण येणार होती, कारण दुसरं कुणी नव्हतं. उजव्यात सगळे होते, तरी तिलाच येणार होती. ती घरात होती तोवर दोन्ही रकाने एकच होते. व्यवस्था लागली की जायचं नव्हतं. गेल्यावरच ती लागणार होती, वाकडीतिकडी का होईना. कापडाचंही तसंच असतं. टेबलावर पसरून कितीही हात फिरवा, ते खिडकीला लावल्यावरच त्याच्या चुण्या बसतात.

तिने फोन उचलला आणि आतल्या खोलीत गेली. खिडकीशी उभं राहून ती नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांशी बोलली. अस्तराचं कापड कुठून घ्यायचं ते सांगितलं, उलट्या पट्ट्यांचंही सांगितलं. "कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं हो इतकी वर्षं," ते म्हणाले. मग तिने ॲप उघडलं. वरच्या पट्टीत लिहून येत होतं, की आज शेवटचा दिवस, पुढे कसं वापरणार ते निवडा. दोन बटणं होती, दोन्ही सारख्याच आकाराची. तिने त्यांतलं कुठलंच दाबलं नाही. खाली बारीक अक्षरात तिसरं काहीतरी होतं, ते तिला शोधावं लागलं. तिने ते दाबलं. 'नक्की ना?' असं ॲपने विचारलं. नक्की, असं तिने सांगितलं. पूल, फाटक, जिना आणि दूध, सगळं एकदम गेलं. बाहेर समोरच्या घरी कुणीतरी दिवा लावला, आणि तिने शिवलेला पिवळा पडदा संथपणे उजळला.

ती बाहेरच्या खोलीत आली. नवऱ्याने तिसरा रकाना पाडायला घेतला होता.

"मी होय कळवलंय," ती म्हणाली. "उद्यापासून दुपारची मी नाट्यगृहात असेन, पडदा पुरा होईपर्यंत. ॲपवरचं माझं खातं मी बंद केलंय. तुम्हाला हवं तर नवीन उघडा, फुकटचं किंवा पैशाचं, ते तुम्ही तिघं ठरवा. माझं नाव त्यात घालू नका."